दार बसविण्याचे कसब

रंग वाळून मोटार चकाकू लागली की काम संपले, असे मालकाला वाटते. परंतु कुर्ल्यातील एका लहानशा गॅरेजात जाऊन आल्यापासून, उतरवलेली दारे व काचा पुन्हा यथास्थित बसवण्याइतकी कठीण परीक्षा रंगाच्या फवाऱ्यातही नसते, अशी माझी खात्री झाली आहे.

समोर प्रीमियर पद्मिनी उभी होती. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने 1944 साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या परवान्यावर कुर्ल्यातच घडवलेली ही गाडी 1964 पासून ‘डिलाइट’ आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली; मुंबईत टॅक्सी म्हणून तिची मुदत 30 ऑक्टोबर 2023 रोजी संपली.

वृद्ध मिस्त्री पुढच्या दाराला आधी हात लावीत नाहीत. गाडीचा मागील पत्रा सांगाड्याशी एकजीव झालेला, म्हणून अचल. तेव्हा मागचे दार त्याच्या मापाने, पुढचे दार मागच्याच्या मापाने आणि मडगार्ड सुटे असल्यास ते सर्वांत शेवटी, असा त्यांचा क्रम. दार टांगण्यापूर्वी ते खांबावरील लॉकचा खटका काढून ठेवतात, कारण खटका शाबूत असला की बंद होताना तोच दाराला वर उचलतो आणि बिजागरीचा दोष झाकला जातो. मग दाराचे मोकळे टोक धरून हलकेच वर-खाली करतात; बिजागरीची पिन झिजली असेल तर तेथे खडखड जाणवते, आणि ती पिन बदलेपर्यंत बोल्ट सरकवण्याची सर्व खटपट ते व्यर्थ मानतात. पोऱ्याने दार तोलून धरायचे, यांनी बोल्ट निम्मे आवळून डोळा फटीच्या रेषेला लावायचा, पुन्हा सैल करायचे: या पुनरावृत्तीत त्यांचा स्वर एकदाही चढला नाही, आणि त्या धीराविषयी मला अपार आदर वाटला.

काचेचाही असाच मामला. हँडल फिरवले की रेग्युलेटरच्या भुजेवरील रोलर काचेखालच्या पट्टीत सरकतो. ती पट्टी किंचित तिरकी बसली तरी काच कलते व वाटेत अडते. म्हणून काच पूर्ण वर चढवून, तिला आपली जागा घेऊ देऊन, मगच तिच्या दोन्ही बाजूंच्या मार्गिका पक्क्या करायच्या.

खरी अडचण नव्या रबराची. ते ताठ असते, दाराला बाहेर लोटते, आणि दार आपटावे लागते म्हणून मालक कुरकुरतो. खटका बाहेर सरकवला तर दार सहज लागेल, पण पत्र्यापुढे आलेले दिसेल. मिस्त्री त्याला तयार होत नाहीत. रबर दबेपर्यंत गाडी ठेवून घेण्याची परवानगी मागतात, आणि ती क्वचितच मिळते. जुन्या घडणीचे रबर दुर्मिळ झाल्याने भलत्याच गाडीचे आणून कापावे लागते. कोपऱ्यांत ते जुळत नाही. त्यातच काचेलगतच्या फटीतून दारात उतरणारे पावसाचे पाणी ज्या छिद्रांतून खाली जायचे, ती रंगाच्या आधी भरलेल्या लांबीने बुजलेली असतात. तार घालून मिस्त्री ती एकेक मोकळी करतात, कारण तेथे पाणी साचले तर नवा रंग आतून फुगतो आणि दोन-चार पावसाळ्यांत दाराचा तळ गंजून सगळे काम पुन्हा मुळापासून करावे लागते.