फिरती आणि हातातले ज्ञान

“साहेब फिरतीवर गेलेत,” असे कचेरीत कानावर आले की आपल्या मनात दोन विचार येतात. आज काम होणार नाही, आणि भत्ता मात्र निघणार! हा संशय अगदीच खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण जे टपालाने होत नाही, पडद्यावरच्या सभेनेही पुरते होत नाही, असे एक काम फिरतीने होते. हातातले ज्ञान एका गावाहून दुसऱ्या गावी जाते.

हातातले ज्ञान म्हणजे काय? यंत्राचा नकाशा पाकिटात घालून धाडता येतो. पण यंत्राचा आवाज बदलला की कुठे बिघडले, हे जुन्या फिटरला कळते. त्याला म्हणा, लिहून दे. तो म्हणेल, “लिहू काय? इथं या, कान लावा.”

जमशेटजी टाटांचेच पाहा ना. पोलादाचा कारखाना काढायचा म्हणून १९०२ साली, साठी उलटलेली असताना, ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कला चार्ल्स पेज पेरिन या इंजिनियराला स्वतः भेटले. पेरिनने आपला सहकारी वेल्ड याला इकडे पाठवले आणि त्याने आरंभी आपल्या चांदा जिल्ह्यातच लोहखनिजाचा शोध घेतला. पुढे साकचीची जागा ठरली व १९१२ साली तिथे पोलाद निघाले. जमशेटजी १९०४ मध्येच वारले होते. त्या फिरतीत जोडलेली माणसे मात्र कामी आली.

हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० साली कंपन्यांच्या कार्डखर्चाच्या निनावी नोंदी तपासल्या. ज्या धंद्यात एखादा देश पुढारलेला, तिथली माणसे जिथे कामासाठी जातात तिथे तो धंदा वाढीला लागतो, असे त्यांना दिसले. देशादेशांतली अशी ये-जा कायमची थांबली, तर जगाचे उत्पन्न १७ टक्क्यांनी घटेल, असा त्यांचा अंदाज आहे.

मग आपल्याकडे चुकते कुठे? यंत्रापाशी उभा राहणारा घरी राहतो आणि फिरतीला जातात साहेब! शिवाय परतल्यावर भत्त्याचे बिल दोन दिवसांत तयार होते. पाहिलेले चार जणांना सांगायचे मात्र राहून जाते. न सांगितलेले ज्ञान एकाच्याच डोक्यात राहते, त्याने कारखान्याचा माल वाढत नाही.

तेव्हा उद्या तुमच्याकडे कुणी फिरतीहून आला, तर पेढे मागू नका. त्याला यंत्रापाशी न्या आणि विचारा, “काय पाहिलंस? करून दाखव!”