घरच्या गाडीसाठी कोड स्कॅनर : निवडताना काय पाहावे?

भर पावसात पणजीहून बेळगावला निघालेली गाडी केरी ओलांडून चोर्ला घाट चढू लागते आणि नेमका त्याच वेळी चालकासमोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी चालते आहे, आवाजही बदललेला नाही. पण दिवा विझत नाही. पुढे जावे की माघारी फिरावे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न गॅरेजमध्ये उभा राहतो : जो सुटा भाग बदलायला सांगितला जात आहे, तो खरोखरच बिघडला आहे काय? या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरापर्यंत नेणारे कोड स्कॅनर हे उपकरण आता काही शे रुपयांपासून मिळू लागले आहे. मात्र ते घेताना बहुतेक ग्राहक किंमत पाहतात आणि ते किती हजार कोड ओळखते, एवढेच विचारतात. घरगुती वापरासाठी यापेक्षा महत्त्वाची बाब निराळीच आहे. कोडच्या जोडीने ते उपकरण गाडीची आणखी कोणती माहिती दाखवते, यावर त्याची खरी उपयुक्तता ठरते.

दिव्यामागची व्यवस्था

आधुनिक गाडीतील संगणक हवा, इंधन, तापमान, धुरातील प्राणवायू अशा अनेक गोष्टींचे मोजमाप सतत घेत असतो. प्रदूषण वाढवू शकेल असा बिघाड आढळला की तो पिवळा दिवा लावतो आणि त्या बिघाडाचा सांकेतिक क्रमांक स्मरणात ठेवतो. या व्यवस्थेला ‘ओबीडी’ म्हणतात. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून तिची दुसरी आवृत्ती, म्हणजे ‘ओबीडी-२’, सर्व मोटारींना सक्तीची झाली. भारतात ती भारत स्टेज-४ च्या वाहनांना एप्रिल २०१३ पासून लागू झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांतही ती आहेच.

या सक्तीचा ग्राहकाला झालेला लाभ म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकाच आकाराचे सोळा पिनांचे सॉकेट मिळाले. ते बहुधा स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्यांच्या आसपास असते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत ही सोय नाही. २०१३ पूर्वीच्या गाडीसाठी स्कॅनर घेताना तो त्या मॉडेलवर चालतो का, याची आधी खातरजमा करावी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीची माहिती वाचण्यास साधा स्कॅनर सहसा उपयोगी पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कोड काय सांगतो?

प्रत्येक कोडमध्ये एक अक्षर आणि त्यापुढे चार चिन्हे असतात. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर, ‘सी’ म्हणजे ब्रेकसारख्या चासीच्या यंत्रणा, ‘बी’ म्हणजे बॉडी आणि ‘यू’ म्हणजे गाडीतील संगणकांचे आपसांतले दळणवळण. इंजिनाच्या कोडमध्ये अक्षरानंतर शून्य असेल, तर तो सर्व कंपन्यांना समान असलेला कोड. एक असेल, तर त्या कंपनीचा स्वतःचा. स्वस्त स्कॅनर समान कोडचा अर्थ सांगतात, पण कंपनीच्या कोडपाशी अडखळतात.

कोड बिघाडाचे लक्षण नोंदवतो. दोषी भागाचे नाव त्यात असतेच असे नाही. उदाहरणार्थ, ‘पी०१७१’ म्हणजे इंजिनाच्या मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे. त्याचे कारण फाटलेली हवेची नळी असू शकते, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर साचलेली धूळ असू शकते किंवा अशक्त झालेला इंधनपंपही. ‘पी०४२०’ हा कोड धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे सांगतो; पण धूर बाहेर नेणाऱ्या नळीतील गळतीमुळे किंवा सदोष प्राणवायू सेन्सरमुळेही तोच कोड उमटू शकतो. कन्व्हर्टर हा गाडीतील महागड्या भागांपैकी एक. केवळ कोड वाचून तो बदलला आणि दिवा पुन्हा लागला, तर तो सारा खर्च वाया जातो.

गोव्यासारख्या किनारी, दमट प्रदेशात आणखी एक शक्यता नेहमी तपासावी लागते. खाऱ्या, ओलसर हवेने वायरींच्या जोडण्यांवर गंज चढतो आणि पावसाळ्यात आडोसा शोधणारे उंदीर बॉनेटखालच्या वायरी कुरतडतात. अशा वेळी कोड सेन्सरकडे बोट दाखवतो. प्रत्यक्षात सेन्सर धडधाकट असतो आणि वायर तुटलेली असते.

उपकरणांचे तीन प्रकार

पहिला प्रकार सॉकेटमध्ये बसवायच्या डोंगलचा. तो मोबाइलला जोडला जातो आणि ॲपवर माहिती दिसते. यातील पुष्कळ डोंगलांवर ‘ईएलएम ३२७’ असे छापलेले असते. ही मुळात कॅनडातील एका कंपनीने तयार केलेली चिप; बाजारातील स्वस्त डोंगलांत बहुधा तिच्या नकला असतात. काही नकलांत जुन्या गाड्यांशी संवाद साधण्याच्या पद्धतीच गाळलेल्या असतात. म्हणून डब्यावरील आवृत्तीच्या आकड्यावर विसंबू नये. डोंगल आपल्या गाडीत चालला नाही तर परत घेतला जाईल का, हे विक्रेत्याला आधी विचारावे. अँड्रॉइड फोनला साधा ब्लूटूथ डोंगल चालतो. आयफोनसाठी मात्र आयफोनशी जुळणारा कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचा किंवा वाय-फायचा डोंगल लागतो.

दुसरा प्रकार स्वतःचा पडदा असलेल्या, हातात धरायच्या स्कॅनरचा. त्याला मोबाइल, ॲप किंवा इंटरनेट लागत नाही. घरात दोन-तीन गाड्या असतील किंवा वडीलधाऱ्यांना मोबाइलची जोडणी कटकटीची वाटत असेल, तर हा प्रकार अधिक सोयीचा. तिसरा प्रकार गॅरेजमध्ये वापरल्या जाणाऱ्या टॅब्लेटसारख्या उपकरणांचा. एबीएस, एअरबॅग, डिझेल गाडीच्या धूरगाळणीची सफाई अशी कामे त्यांवर होतात; पण त्यांची किंमत मोठी असते आणि अनेकांना दरवर्षी अद्ययावत करण्याचे शुल्कही पडते. एका घरच्या गाडीसाठी हा खर्च सहसा परवडत नाही.

कोणत्या सोयी हव्यातच?

पहिल्या दोन प्रकारांतून निवड करताना चार सोयी असल्याची खात्री करून घ्यावी. पहिली, ‘फ्रीझ फ्रेम’ : दोष नोंदवला गेला त्या क्षणी वेग, इंजिनाचे फेरे, तापमान आणि इंजिनावरील भार किती होता, याची ही नोंद. घाटात चढावर लागलेला दिवा आणि सिग्नलवर उभे असताना लागलेला दिवा यांची कारणे निरनिराळी असू शकतात. दुसरी, चालू इंजिनाची थेट आकडेवारी. इंजिन सुरू असताना बॅटरीचा दाब साधारणतः साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असावा. तो सतत बाराच्या आसपास राहत असेल, तर सेन्सर बदलण्यापूर्वी अल्टरनेटर तपासणे शहाणपणाचे.

तिसरी सोय प्रलंबित कोडची. एकदाच आढळलेला, दिवा लावण्याइतका अद्याप पक्का न झालेला दोष त्यात दिसतो. चौथी, ‘रेडिनेस’ची. गाडीच्या संगणकाने स्वतःच्या कोणत्या चाचण्या पूर्ण केल्या आणि कोणत्या बाकी आहेत, हे ती सांगते. एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा लागल्यास मात्र साध्या स्कॅनरकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नये. ती माहिती हवी असेल, तर त्या विशिष्ट गाडीसाठी ती सोय असल्याचे लेखी वर्णन पाहूनच खरेदी करावी.

पुसण्याची घाई नको

बहुतेक सर्व स्कॅनरांत कोड पुसण्याचे बटण असते आणि नवख्या ग्राहकाला तेच सर्वाधिक आकर्षक वाटते. परंतु कोड पुसला की त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते आणि संगणकाच्या पूर्ण झालेल्या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. बिघाड तसाच राहतो. नाहीशी होते ती त्याची नोंद. म्हणून पुसण्यापूर्वी कोड आणि सोबतची माहिती वहीत लिहून ठेवावी किंवा तिचे छायाचित्र घ्यावे. दुरुस्तीनंतर पुसलेला कोड काही दिवसांत परतला नाही, तरच दुरुस्ती योग्य ठरली असे मानावे.

जुनी गाडी विकत घेताना हीच बाब ग्राहकाच्या उपयोगी पडते. दिवा विझलेला आणि एकही कोड नाही, पण अनेक चाचण्या ‘अपूर्ण’, असे दिसले तर कोड अलीकडेच पुसले गेले असावेत किंवा बॅटरी काढून जोडली गेली असावी. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर धावली, हा आकडाही पुष्कळ गाड्या देतात. तो अगदी थोडा असेल, तर व्यवहार पक्का करण्यापूर्वी विक्रेत्याला कारण विचारावे. एवढ्या एका तपासणीने लाखमोलाच्या व्यवहारातील फसवणूक टळू शकते.

वापरताना घ्यायची काळजी

स्कॅनर जोडताना गाडी उभी असावी. चावी फिरवून, इंजिन बंद ठेवूनही कोड वाचता येतात. काम झाल्यावर डोंगल काढून ठेवावा. बहुतेक गाड्यांत त्या सॉकेटला चावी बंद असतानाही वीज मिळत राहते; आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी त्याने उतरू शकते. शिवाय अनेक स्वस्त डोंगलांचा परवलीचा आकडा सर्वांना ठाऊक असलेलाच असतो. चालत्या गाडीची आकडेवारी पाहायची असेल, तर ते काम शेजारी बसलेल्या व्यक्तीकडे द्यावे.

घाटातल्या त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्कॅनरपूर्वी दिवाच देतो. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडीचा ओढ नेहमीसारखा असेल, तर वेग आवरून सुरक्षित ठिकाणापर्यंत जाता येते. पुढील तपासणी लवकर करावी. दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही आणि ते न जळलेले इंधन कन्व्हर्टर जाळून टाकू शकते. अशा वेळी गाडी लवकरात लवकर सुरक्षितपणे बाजूला घ्यावी. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे.

गॅरेजमध्ये जाताना कोड आणि फ्रीझ फ्रेमची नोंद सोबत न्यावी. अमुक भाग बदलायचा असे सांगितले गेले, तर त्याच्या वायरी, जोडणी आणि नळ्या तपासल्या का, हे आधी विचारावे. घरच्या स्कॅनरमुळे वाहनधारक मेकॅनिक होत नाही. हा प्रश्न माहितीच्या आधारे विचारण्याइतका तो सज्ज होतो.