थायरॉइड आटोक्यात, मग डोळे का सुजतात?

थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आलाय, गोळी वेळेवर सुरू आहे, छातीतली धडधड थांबलीय. डोळे मात्र लाल, सुजलेले आणि बाहेर आल्यासारखे दिसतायत. अशा वेळी बहुतेक जण आधी ॲलर्जीचे ड्रॉप्स आणतात. मग 'डोळे आले असतील' म्हणून अँटिबायोटिक टाकतात आणि त्यानंतर चष्म्याचा नंबर तपासून घेतात. यात सहा-आठ महिने सहज निघून जातात. नेमके हेच महिने या आजाराच्या उपचारासाठी सगळ्यात मोलाचे असतात.

या आजाराला 'थायरॉइड आय डिसीज' म्हणतात. नावावरून वाटतं, की थायरॉइड बिघडला म्हणून डोळे बिघडले. खरं तर दोन्हींच्या मागचं कारण एकच आहे. ग्रेव्हज डिसीज या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवरच्या टीएसएच रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. या अँटिबॉडी ग्रंथीला सतत डिवचत राहतात आणि ती गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते. तसाच रिसेप्टर डोळ्यामागच्या काही पेशींवरही असतो. त्याही डिवचल्या जातात आणि तिथे सूज येते, चरबी वाढते, स्नायू जाड होतात. गोळीमुळे रक्तातलं हार्मोन आटोक्यात येतं, पण डोळ्यामागची ही गडबड तेवढ्याने थांबेलच असं नाही.

आपल्याकडे 'मला थायरॉइड आहे' असं कोणी म्हटलं, की बहुधा हार्मोन कमी पडणारा थायरॉइड अभिप्रेत असतो. डोळ्यांचा हा आजार मात्र मुख्यतः हार्मोन जास्त होणाऱ्यांमध्ये दिसतो. पण कमी थायरॉइड असलेल्या किंवा सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेल्या काही जणांनाही तो होतो. म्हणून 'टीएसएच ठीक आहे, म्हणजे डोळ्यांचा थायरॉइडशी संबंध नाही' हा निष्कर्ष धोक्याचा आहे.

कमी बाहेर आलेला डोळा जास्त धोक्यात?

डोळ्याची खोबण चारी बाजूंनी हाडाची असते आणि फक्त पुढून उघडी. तिच्यात साधारण 30 मिलिलिटर जागा असते. तेवढ्यात डोळा, त्याला फिरवणारे सहा स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस असं सगळं बसवलेलं असतं. आतले स्नायू सुजले, की डोळा पुढे ढकलला जातो. दिसायला ते वाईट दिसतं, पण आतला दाब थोडा हलका होतो. काहींचा डोळा मात्र पापण्या घट्ट असल्यामुळे पुढे येत नाही आणि सगळा दाब मागे नसेवर पडतो. त्यामुळे आरशात फारसा फरक दिसत नाही, म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही.

घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. एक डोळा झाकून लाल रंगाची एखादी वस्तू पाहा, मग दुसरा डोळा झाकून तीच वस्तू पाहा. एका डोळ्याला तो लाल फिका, विटका दिसत असेल, नजर धूसर झाली असेल, किंवा डोळा पूर्ण मिटत नसून खूप दुखत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेऊन थांबू नका. इतका गंभीर प्रकार शंभरातल्या तीन ते पाच रुग्णांमध्येच होतो, पण त्यात नजर कायमची जाऊ शकते.

बाकीच्यांमध्ये लक्षणं हळूहळू येतात. वरची पापणी वर ओढली जाते आणि बुबुळाच्या वरचा पांढरा भाग दिसू लागतो, त्यामुळे माणूस सतत रागावून बघतोय असं वाटतं. सकाळी पापण्यांवर जास्त सूज असते. डोळ्यांत खडे टोचल्यासारखं होतं. वर किंवा बाजूला बघताना एकाच्या दोन वस्तू दिसतात. डॉक्टरांकडे जाताना चार-पाच वर्षांपूर्वीचा फोटो सोबत न्या. आधार कार्डावरचा फोटोही चालेल, कारण फरक कळण्याशी मतलब.

वेळेला इतकं महत्त्व का?

या आजाराची चाल ठरलेली असते, हे ऑस्ट्रेलियन सर्जन फ्रान्सिस रंडल यांनी 1940 च्या दशकातच दाखवून दिलं होतं. आधी सूज वाढत जाते, मग स्थिरावते आणि थोडी ओसरते. हा सक्रिय काळ साधारण सहा महिने ते दोन वर्षांचा असतो. त्यानंतर सूज विझते, पण जाड, आखडलेले स्नायू तसेच राहतात. सूज कमी करणारी औषधं सूज असेपर्यंतच नीट काम करतात. म्हणून डॉक्टर दुखणं, लाली, सूज अशा सात खुणा मोजतात. त्यातल्या तीन किंवा जास्त असतील, तर आजार सक्रिय मानतात.

सक्रिय आणि मध्यम ते तीव्र आजारात सहसा शिरेतून स्टेरॉइड दिलं जातं. नेहमीचा कोर्स आठवड्यातून एकदा, असा 12 आठवड्यांचा. त्याआधी साखर, बीपी आणि लिव्हर तपासतात. मेडिकलमधून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे ड्रॉप्स यात निरुपयोगी आहेत. ते खोबणीच्या मागे पोहोचत नाहीत, उलट डोळ्यातला दाब आणि मोतीबिंदू वाढवू शकतात. टेप्रोटुमुमॅब या नव्या इंजेक्शनला अमेरिकेत जानेवारी 2020 मध्ये मान्यता मिळाली. त्याने बाहेर आलेला डोळा बराच मागे जातो, पण ते अतिशय महाग आहे आणि ऐकण्यावर परिणाम करू शकतं.

सौम्य आजारात दिवसा कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स, रात्री जेल, उशाला थोडी उंची आणि बाहेर पडताना गॉगल एवढ्यावर बरंच भागतं.

आपल्या हातातला सगळ्यात मोठा उपाय म्हणजे धूम्रपान सोडणं. सिगारेट-बिडीने हा आजार होण्याची शक्यता वाढते, तो जास्त तीव्र होतो आणि औषधंही कमी लागू पडतात. ग्रेव्हजच्या रुग्णांत बायका जास्त असतात आणि आपल्याकडे त्यांतल्या बहुतेक जणी स्वतः ओढत नाहीत. पण घरातला दुसरा कोणी ओढत असेल, तर तो धूर त्यांच्याही नाकात जातोच. डॉक्टरांनी पेशंटसोबत आलेल्या नवऱ्यालाही हा प्रश्न विचारायला हवा.

थायरॉइडसाठी रेडिओआयोडीन द्यायचं ठरलं असेल, तर डोळ्यांचा त्रास आधी सांगा. त्या उपचाराने डोळे बिघडू शकतात, आणि द्यायचंच असेल तर सोबत स्टेरॉइड देऊन हा धोका कमी करता येतो. गोळीचा डोस जास्त होऊन थायरॉइड एकदम खाली जाणंही डोळ्यांना मानवत नाही. म्हणून एंडोक्रायनॉलॉजिस्ट आणि नेत्रतज्ज्ञ या दोघांकडे एकमेकांचे कागद असावेत.

ऑपरेशन शक्यतो आजार विझून सहा महिने स्थिर राहिल्यावरच करतात. नस दाबली गेली असेल तर मात्र थांबत नाहीत. लागेल त्यानुसार आधी खोबणीचं हाड काढून डोळ्याला जागा करतात, मग तिरळेपणा सुधारतात आणि पापण्या शेवटी. ज्यांना पापण्यांचीच जास्त काळजी असते, त्यांना हा क्रम उलटा वाटतो. पण खोबणीच्या ऑपरेशनने डोळ्यांची दिशा बदलू शकते आणि स्नायूंच्या ऑपरेशनने पापणीची उंची, त्यामुळे आधी केलेली पापणी पुन्हा करावी लागते.