सौरवृक्ष : सागाकडून काय घ्यावे, काय नको?

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीच्या जंगलात सागाची कोवळी फांदी वरून न्याहाळली, तर एक शिस्त ध्यानात येते. पानांची एक जोडी पूर्व-पश्चिम असेल, तर तिच्या वरची दक्षिणोत्तर. त्यामुळे वरच्या पानांची सावली लगतच्या खालच्या पानांवर थेट पडत नाही. दाट रानात प्रकाशासाठी चाललेल्या स्पर्धेत ही मांडणी उपयोगी पडते.

शहरांची अडचणही जागेचीच आहे. सौर पॅनेल जमिनीवर पसरायची, तर चौकात आणि उद्यानात तेवढी जागा कोठून आणणार? झाडाने यावर पूर्वीच उत्तर शोधले आहे : खाली एक खोड, वर विस्तार. याच कल्पनेतून 'सौरवृक्ष' जन्मला. ऑक्टोबर २००७ मध्ये व्हिएन्नाच्या रिंगस्ट्रासवर रॉस लव्हग्रोव्ह यांनी रचलेले वृक्षाकार सौर पथदीप उजळले. भारतात दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सौरवृक्ष सादर केला. २०२० मध्ये याच संस्थेने आपल्या वसाहतीत प्रत्येकी ३३० वॅटची ३५ पॅनेल असलेला, साडेअकरा किलोवॅट क्षमतेचा वृक्ष उभारला. त्यापासून वर्षाला १२ ते १४ हजार युनिट वीज अपेक्षित धरली होती.

मात्र निसर्गाची नक्कल सरसकट करून चालत नाही. पान अंशतः सावलीत असले तरी त्याचा उजेडातला भाग आपले काम करीत राहतो. पॅनेलमधील घट मात्र एकसर जोडलेले असतात. एका घटावर सावली आली, तर अनेकांची वीज घटते. शिवाय आपल्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २० अंश उत्तरेला, पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढ्याच कोनात कललेले असावे लागते. पानांप्रमाणे ती चहूकडे वळविली, तर वृक्ष देखणा दिसेल, पण वीज कमी मिळेल.

उन्हाचेही तसेच. तापमान २५ अंशांच्या वर गेले, की दर अंशाला सिलिकॉन पॅनेलची क्षमता सुमारे ०.४ टक्क्याने घटते. विदर्भाच्या मे महिन्यात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले, तर १४ टक्के वीज गेली. उंचीवर मोकळा वारा मिळतो, हा सौरवृक्षाचा लाभ. त्याची किंमत अशी, की त्याच वाऱ्याचा जोर सोसण्यासाठी भक्कम पोलादी खांब आणि पाया लागतो. त्यामुळे छतावरील पॅनेलपेक्षा हा वृक्ष महाग पडतो.

तेव्हा त्याची खरी जागा छत नसलेल्या, उघड्या ठिकाणी : बसस्थानकाचे आवार, वाहनतळ, रुंद चौक. त्याच्यासाठी वाढलेले झाड तोडणे हा मात्र आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल. सौरवृक्ष वीज देईल. पानांतून बाष्प सोडून हवा थंड करणे त्याला जमणार नाही. ते काम अजून तरी खऱ्या झाडाचेच आहे.