संघ, सॅक आणि गळ

खो-खोच्या संघाला मासे पकडायला कशाला न्यायचे, असा प्रश्न पालक मला दरवर्षी विचारतात. सराव मैदानावर होतो. मग पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढायचे आणि नदीकाठी गळ धरून बसायचे, याने खेळ कसा सुधारणार? प्रश्न रास्त आहे. म्हणून हा खटाटोप कसा करायचा आणि त्यातून काय मिळते, ते आज सांगतो.

आम्ही जातो ते हिमाचल प्रदेशात, कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्यात. तीर्थन नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून खाली येते. २०१४ साली या उद्यानाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. गुशैणी गावापासून उद्यानातल्या रोल्ला या मुक्कामापर्यंत साधारण दहा किलोमीटरची पायवाट आहे. आत जायला परवाना लागतो. आम्ही मे महिना निवडतो. परीक्षा संपलेल्या असतात आणि पाऊस अजून दूर असतो. मुलींचा संघ असल्याने दोन शिक्षिका आणि तिथलेच वाटाडे सोबत असतात.

तयारी सॅकपासून सुरू होते. सॅकचे ओझे मुलीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको. म्हणजे ४५ किलोच्या मुलीला फार तर ९ किलो. झोपण्याची पिशवी तळाला आणि जड वस्तू पाठीला लागून मध्यभागी ठेवायच्या. ओढा ओलांडताना कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पाय घसरलाच तर सॅक चटकन टाकता येते.

चालताना सर्वांत हळू चालणारी मुलगी पुढे आणि सर्वांत वेगवान मुलगी शेवटी. मैदानावर जिचे कौतुक होते, तिला इथे दुसरीच्या पावलाने चालावे लागते. पहिल्या दिवशी ती चिडते. दुसऱ्या दिवशी पुढचीला पाणी हवे का, ते विचारू लागते.

मुक्कामाला पोहोचल्यावर सर्वांनी गोल बसून बूट-मोजे काढायचे आणि पाय दाखवायचे, हा आमचा पक्का नियम. खेळाडू दुखणे लपवतात. सांगितले तर संघातून वगळतील, ही भीती असते. डोंगरात लपवलेला फोड दुसऱ्या दिवशी चालणेच बंद पाडतो आणि त्या मुलीसाठी सगळ्यांना थांबावे लागते. एका वर्षी एकीच्या टाचेला मोठा फोड आला होता. मैत्रिणींनी तिची सॅक वाटून घेतली. कुणी बोलले नाही की हसले नाही. त्याच रात्री ती म्हणाली, "सर, माझा गुडघा दिवाळीपासून दुखतोय." परतल्यावर डॉक्टरांना दाखवले, दोन महिने विश्रांती घेतली, आणि ती पुन्हा खेळू लागली. गुडघा तसाच दामटला असता तर काय झाले असते, ते सांगायला नको.

आता मासेमारी. गळ आम्ही उद्यानाच्या हद्दीबाहेर आणि मत्स्य विभागाचा परवाना काढूनच टाकतो. तीर्थनमधला ब्राऊन ट्राऊट हा मासा मूळचा युरोपातला. इंग्रजांच्या काळात तो हिमाचलच्या नद्यांत सोडला गेला. त्याला थंड, खळाळते पाणी लागते. तो हिवाळ्यात अंडी घालतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते. मोठ्या दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून तो वाहत येणाऱ्या किड्यांची वाट पाहतो. त्यामुळे त्याच्याकडे खालच्या बाजूने जायचे आणि पाण्यावर आपली सावली पडू द्यायची नाही. लहान मासा लागला तर हात ओले करून त्याला धरायचे आणि अलगद सोडायचे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच थर त्याला रोगांपासून वाचवतो.

यात खो-खो कुठे आला? पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण बसलेले असतात आणि एकच धावत असते. 'खो' मिळण्याआधी उठले तर फाऊल! म्हणजे आपला निम्मा खेळ सावध बसण्याचा आहे. गळाला हिसका लवकर दिला की मासा जातो, उशिरा दिला तरी जातो. तासभर असे बसल्यावर सावधपणा म्हणजे काय, हे मुलींना समजावून सांगावे लागत नाही. बहुतेक वेळा पहिला मासा राखीव खेळाडूला मिळतो. वाट पाहण्याची सवय तिलाच जास्त असते ना!

पण नदीशी थट्टा नाही. याच भागात, ८ जून २०१४ रोजी, लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी बियास नदीतून वाहून गेले. ती मुले फोटो काढायला पात्रात उतरली होती. म्हणून पात्रातल्या दगडावर आमच्यापैकी कुणीही जात नाही; गळ काठावरूनच टाकायचा. पाणी गढूळ झाले, काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा नदीचा आवाज बदलला, की हातातले सगळे टाकून वर चढायचे. शिट्टी वाजली की प्रश्न विचारायचे नाहीत. तंबूही नदीपासून दूर, उंचावर लावायचे. एवढी शिस्त लावणे जमणार नसेल, तर संघाला घेऊन जाऊच नये.

तिथून आणलेली एक सवय आम्ही मैदानावरही ठेवली आहे. सरावापूर्वी पाच मिनिटे सगळ्या गोल बसतात आणि कुणाला काय दुखते ते सांगतात. जी सांगते, तिची जागा जात नाही, एवढे वचन प्रशिक्षकाने द्यायचे आणि पाळायचे.