पाले पडली की कडी का लागते?

सुगी आटोपली की जामखेड, कर्जत, श्रीगोंदा या भागांत गावाबाहेरच्या माळावर दोन-चार पाले पडतात. तीन दगडांची चूल, एखादी शेळी, खुराड्यातल्या कोंबड्या आणि धुळीत खेळणारी उघडी पोरे. तासाभरात गावात कुजबुज सुरू होते, "पारधी उतरलेत." आया पोरांना घरात ओढतात, म्हाताऱ्या दाराला कडी लावतात. गावाचे काय ते गाव पाहील. पण आपल्या वस्तीतही कडी लागते, आणि हा लेख त्या कडीविषयी आहे.

पालात उतरलेल्या माणसाचे नाव कुणी विचारलेले नसते. त्याच्याविषयी आपल्याला एकच शब्द ठाऊक असतो आणि तो शब्द त्याच्या आधी गावात पोचलेला असतो. फासे लावून तितर, लावे धरायचे आणि बाजारात विकायचे, हा फासेपारध्यांचा धंदा. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी रान बंद केले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार हा गुन्हाच ठरला. जंगली जनावरे वाचवणे गरजेचे होते, यात वाद नाही. पण फासे काढून घेतलेल्या हातात दुसरे काय द्यायचे, हे कुणी ठरवले नाही.

त्याआधीच 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. अमुक जातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, असा त्याचा अर्थ. पुढे 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. तिथे पोर जन्मायचे ते कुंपणातच. मुंबई राज्यात 1949 मध्ये आणि देशभरात 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. तेव्हापासून या जमातींना विमुक्त म्हणतात. कागदावर.

यात आपल्या घराण्यांचाही एक धागा गुंतलेला आहे. महार वतनात वेसकरकी होती. वेशीत येणाऱ्या-जाणाऱ्या परक्या माणसावर नजर ठेवायची, पाटलाला वर्दी द्यायची, हे वेसकराचे काम. 1871 च्या कायद्यानेही गावचा पाटील आणि राखणदार यांच्यावर अशी वर्दी देण्याची जबाबदारी टाकली होती. म्हणजे ज्या पणजोबांची सावली गावाला चालत नव्हती, त्यांनाच गावाने दुसऱ्या बहिष्कृतावर पहारा करायला बसवले होते! बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले. वतन गेले ते 1958 च्या कायद्याने. वेसकराची काठी आज घरात कुणाकडे नाही, पण त्याची नजर घरोघर राहिली आहे.

कुणी विचारील, चोऱ्या होतच नाहीत का? होतात. चोरी झाली की चोराला धरावे, कोर्टात उभे करावे. पण एका माणसाच्या गुन्ह्यासाठी दहा पालांतली माणसे उचलायची आणि म्हातारीची भांडी रस्त्यावर फेकायची, हा कुठला न्याय? आपल्या वस्तीतल्या एखाद्या पोराने काही केले तर सगळ्या वस्तीला शिव्या खाव्या लागतात. तेव्हा आपले रक्त कसे उसळते! 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही त्याच निकालात पोलिसांना बजावले.

भीती कुठवर नेते, ते 1 जुलै 2018 ला दिसले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. पोरे पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून आधीच पसरली होती. जमावाने पाचही जणांना ठार केले, तेही ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार भिक्षा मागत आलेली माणसे एका दुपारी टोळी ठरली. कुणी नाव-गाव विचारले असते, त्यांच्या तालुक्याला एक फोन लावला असता, तर पाच घरे उघडी पडली नसती.

पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. तिला भटक्यांची पंढरी म्हणतात. गोपाळ समाजाच्या होळीला तिथे मान असतो, गाढवांचा मोठा बाजार भरतो. तिथे या माणसांची कुणाला भीती वाटत नाही. तीच माणसे आठवड्याने आपल्या माळावर उतरली की संशयित!

आणि याच पाथर्डी-जामखेडमधून आपली माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. परक्या गावाच्या कडेला कोपी घालतात. तिथल्या बायका विहिरीवर काय म्हणतात, ते तोडीला जाऊन आलेल्या भगिनींना विचारा. "तोडकरी आलेत, भांडी आत घ्या." माळावरच्या पालातल्या बाईला हेच शब्द रोज ऐकू येतात. तिची भाषा आपल्याला कळत नाही, पण आपली तिला कळते.

पालातल्या पोरांची एक अडचण मात्र आपल्या हातात आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांना पोलिसांनी आणि गावांनी एका जागी राहूच दिले नाही, त्यांनी तो कुठून आणावा? पण शाळेसाठी त्या दाखल्याची वाट पाहायची गरज नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात, वर्षाच्या मध्येही घ्यावे लागते. पालातल्या बाईला हे ठाऊक नसते आणि शाळेच्या फाटकात एकटीने जायची तिला धास्ती वाटते. आपल्या वस्तीतली एखादी आई स्वतःचे पोर शाळेत सोडायला रोज त्याच वाटेने जाते. तिने त्या बाईला सोबत घ्यावे.