गंजलेला पत्रा व त्याची दुरुस्ती

डिचोली, पाळी, साखळी, सांगे या खाणींच्या भागांत घराच्या कुंपणाला लागून किंवा माडाखाली उभे असलेले जुने ट्रक आपल्या नित्य पाहण्यातले आहेत. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने गोव्यातील खाणकाम तात्पुरते थांबविले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास बंदी केली. २०१४ मध्ये ही बंदी उठली खरी. परंतु २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण न्यायालयाने रद्द ठरविले आणि त्या वर्षीच्या मार्चपासून काम पुनः बंद पडले. दोन्ही वेळी खनिज वाहणारे ट्रक जागच्या जागी उभे राहिले. चालती गाडी झिजते, पण उभी गाडी गंजते. आणि वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या प्रदेशात ती फार लवकर गंजते.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी असाच एक ट्रक चिरे व रेती वाहण्याजोगा करण्याच्या खटपटीत आहे. घरची मिळकत पूर्वी त्या एका गाडीवर होती. इंजिनाचे काम त्याने मेस्त्रीकडून करवून घेतले. पत्र्याचे काम मात्र खर्च परवडेना म्हणून स्वतःच करावयास घेतले आहे. या कामात तो अगदी नवशिका आहे. त्याचे काम पाहताना विज्ञानाच्या पुस्तकातील कितीतरी गोष्टी हातोडीच्या टोकाशी आलेल्या दिसतात, म्हणून त्याविषयी येथे सांगावेसे वाटते.

गंज म्हणजे पाणी धारण करणारा लोखंडाचा ऑक्साइड होय. आपल्या डोंगरांतील खनिजही मुख्यतः लोखंडाचा ऑक्साइडच. ज्या ट्रकाने आयुष्यभर ऑक्साइड वाहिला, त्याचा पत्रा अखेर त्याच स्थितीकडे परत निघावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. भट्टीत कोळसा जाळून ऑक्सिजनपासून मोठ्या प्रयासाने वेगळे केलेले लोखंड संधी मिळताच ऑक्सिजनशी पुनः संयोग पावते. त्याला हवा आणि पाणी ही दोन्ही लागतात. मीठ असल्यास क्रिया अधिकच वेगाने होते.

परंतु नवशिक्याने सर्वांत आधी ध्यानात घ्यावयाची गोष्ट वेगळीच आहे. गंज जेथे दिसतो तेथेच लोखंड खाल्ले जात असते असे नाही. केंब्रिज येथील शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे एका साध्या प्रयोगाने दाखविले, व तो आपल्या प्रयोगशाळेतही शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येतो. काचकागदाने घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावयाचा. त्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन व पोटॅशियम फेरिसायनाइड ही द्रव्ये किंचित मिसळलेली असावयाची. काही वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा रंग उमटतो व कडेला गुलाबी. निळा रंग जेथे दिसतो तेथे लोखंड विरघळत असते. कडेला हवेतील ऑक्सिजन सहज पोहोचतो. मध्यभागी तो कमी पोहोचतो. लोखंड खाल्ले जाते ते मध्यभागी, जेथे ऑक्सिजन कमी तेथे! त्या दोहोंच्या सीमेवर मग गंज साचतो.

हाच थेंब ट्रकाच्या पत्र्यांच्या जोडात कल्पून पाहावा. दोन पत्रे एकमेकांवर चढवून जेथे जोडलेले असतात, तेथील फटीत ओल शिरते. आत ऑक्सिजन अपुरा व कडेला भरपूर. तेव्हा बाहेर दिसते ती तांबूस रेघ. आतील पत्रा मात्र कागदासारखा झालेला असतो. शिवाय गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो जोड आतून उकलीत नेतो व ओलीला आणखी वाट करून देतो. आपल्याकडील अनेक जुन्या ट्रकांच्या केबिनी स्थानिक कारागिरांनी लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बांधलेल्या आहेत. ते लाकूड पाणी शोषून धरून ठेवते आणि पत्र्याला पाठीमागून पोखरते. खनिजाची बारीक माती कोपऱ्यांत साचली म्हणजे तीही ओल्या पोतेऱ्याचेच काम करते.

यास्तव दुरुस्तीचा आरंभ टोच्याने करावा. बोथट टोच्या घेऊन केबिनचा तळ, दरवाज्यांचे बूड, पायरीजवळचा भाग, मडगार्डाची आतील कड असे सर्व ठिकाणी दाबून पाहावे. निरोगी पत्रा टणक लागतो; कुजलेला दबतो किंवा टोच्या आरपार जातो. आमच्या या तरुणाच्या ट्रकाचा डावा दरवाजा बाहेरून बरा दिसत होता. खालच्या कडेला रंगाचे चार फोड होते, एवढेच. रंग खरवडल्यावर त्याखाली बोटभर जाडीची जुनी लांबी निघाली व लांबीच्या मागे पत्रा नव्हताच. कोणीतरी पूर्वी भोकात जाळी व लांबी कोंबून वर रंग दिला होता. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे, फसवणूक होय. दरवाज्याच्या बाबतीत ती एक वेळ सोसता येईल. पण चालकाचे आसन ज्यावर बसविलेले असते त्या तळाच्या बाबतीत असे करणे म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे. चासी, स्टिअरिंग व केबिन जेथे चासीवर टेकते ते आधार, यांस तर नवशिक्याने हातच लावू नये. ते काम जाणत्याचेच.

कुजका भाग कापताना भोकाच्या कडेवर थांबू नये, तर चोहोबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर चांगल्या पत्र्यात शिरून कापावे. हाताला हे जड जाते. लहान भोकाचे मोठे भोक करीत आहोत असे वाटते; परंतु वितळलेल्या धातूला कुजक्या कडेचा आधार मिळत नाही, ती जळून जाते व भोक वाढतच राहते. नंतर पुठ्ठ्याचा नमुना कापून तो भोकात बसतो की नाही ते पाहावे आणि त्याबरहुकूम मूळ पत्र्याच्याच जाडीचे, म्हणजे बहुधा सुमारे एक मिलिमीटर जाडीचे, ठिगळ कातरीने कापावे. ठिगळाचे कोपरे गोलाकार ठेवावेत.

वेल्डिंग करताना पत्रा का वाकतो, हे प्रसरणाच्या नियमावरून समजते. एक मीटर लांबीचे पोलाद १०० अंश सेल्सियसने तापले, तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. येथे तर जोडाजवळचा धातू वितळेपर्यंत, म्हणजे सुमारे १५०० अंशांपर्यंत, तापतो व भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. मग तो फुगतो, आणि निवताना भोवतालच्या पत्र्यास ओढून घेतो. म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जोड कधीही मारू नये. आधी चार बाजूंना चार टाके, मग त्यांच्या मध्ये आणखी टाके, आणि दर वेळी पत्रा हाताला सोसवेल इतका निवू द्यावयाचा. गोधडीचे ठिगळ बसविणाऱ्या आजीबाई आधी चार कोपरे टाचून घेतात, त्यातलाच हा प्रकार.

या कामापूर्वी बॅटरीची तार सोडावी व इंधनाची टाकी उतरवून दूर ठेवावी. रिकामी टाकी निर्धोक असते ही समजूत घातक आहे; तिच्यात उरलेली वाफच पेट घेते. जस्त चढविलेल्या पत्र्याचा धूर छातीत गेल्यास थंडी वाजून ताप येतो. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासू नये; पाण्याने ओला करून, तोंडावर मुखवटा बांधून घासावा. शाळकरी मुलांनी हे सारे दुरून पाहावे, एवढेच त्यांस सांगणे.

आता पोच्यांकडे वळू. मला स्वतःला हा भाग सर्वांत मनोरंजक वाटतो. पोचा पडला की पाहणाऱ्याची नजर त्याच्या खोल मध्याकडे जाते, आणि नवशिका मागील बाजूने तेथेच जोरात हातोडी हाणतो. हे चूक होय. पत्रा मुळात थोडा फुगीर व ताणलेला असतो. धक्का बसला म्हणजे मधला मोठा भाग केवळ आत दबतो. कायमचा वाकतो तो भोवतालचा कंगोरा. तो कंगोराच मधल्या भागास आत धरून ठेवतो. कुलूप तेथे आहे. मध्य हा केवळ कोंडलेला कैदी आहे. म्हणून जे शेवटी वाकले ते आधी सरळ करावयाचे, या उलट क्रमाने कडेकडून आत यावे. मागून खोलगट जागी डॉली म्हणजे हातात मावणारी लहानशी ऐरण दाबून धरावी व बाहेरून तिच्या शेजारच्या उंच कंगोऱ्यावर हलके, पुष्कळ ठोके द्यावेत. कंगोरा बसू लागला की मधला पत्रा पुष्कळदा आपण होऊन ‘ठप्’ असा आवाज करीत वर येतो. त्या वेळी त्या तरुणाच्या चेहऱ्यावर उमटलेला आनंद पाहण्यासारखा होता.

हातोडी व ऐरण यांच्यामध्ये पत्रा नेमका सापडून ठोका बसला, तर तो पातळ होऊन पसरतो. असे ठोके फार झाले म्हणजे पत्र्याला जागा पुरेनाशी होते आणि तो डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर टकटक करू लागतो. त्यावरही उपाय आहे. चिंचोक्याएवढी एकच जागा ज्योतीने लाल करावयाची. भोवतालच्या थंड धातूमुळे ती बाजूला पसरू शकत नाही, म्हणून जागच्या जागी जाड होते. मग ओल्या फडक्याने निवविली की आकसते आणि पत्रा ताठ ओढला जातो. वेल्डिंगमध्ये ज्या गुणाने पत्रा बिघडतो, त्याच गुणाने तो येथे सुधारतो.

पृष्ठभाग सारखा झाला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. तळव्याखाली पातळ सुती फडके घेऊन सबंध पंजा लांबवर फिरवावा. डोळ्यास न दिसणारा उंचसखलपणा हाताला कळतो.

एवढे झाल्यावर लांबीची पाळी येते. तिची जाडी दोन-तीन मिलिमीटरांहून अधिक नसावी. हल्लीची पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते, म्हणून ती उघड्या पत्र्यावर न लावता आधी इपॉक्सी प्राइमरचा हात देऊन मग लावणे चांगले. उघडा पत्रा तर रात्रभरही तसाच ठेवू नये. आपल्या दमट हवेत सायंकाळी चकचकीत असलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला दिसतो. खाचखळग्यांत उरलेल्या बारीक गंजावर फॉस्फॉरिक आम्लाचा द्राव लावतात; त्यामुळे गंजाचे लोहफॉस्फेट बनते व ते पुष्कळ स्थिर असते. मात्र पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर त्याचा काही उपयोग नाही. रंग कोणता द्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शेवटचे काम बाहेरून दिसतही नाही. दरवाज्याच्या काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दरवाज्याच्या पोकळीत उतरते. ते बाहेर पडावे म्हणून बुडाशी लहान भोके ठेवलेली असतात. ही भोके चिखलाने बुजतात, पाणी आत साठते, आणि दरवाजा आतून कुजतो. या ट्रकाच्या डाव्या दरवाज्याचे हेच झाले होते. नवा पत्रा बसविताना त्या तरुणाने भोके जागच्या जागी पुनः पाडली, पोकळीत मेणयुक्त तेल फवारले, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्यास ती भोके मोकळी करण्यासाठी एक तार दरवाज्याच्या आतल्या बाजूस अडकवून ठेवली आहे.